उन्हाळ्याची तहान की साखरेची?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचे मालक ४७ वर्षांचे आहेत. शेती बटईनं दिली, आता गावातच कृषी सेवा केंद्र चालवतात. दोन-अडीच महिने झाले, रात्रीतून तीन-चार वेळेस लघवीला उठायलेत. उठले की तांब्याभर पाणी पितात, अन् तासा-दोन तासानं परत उठतात. तळपायाची आग होते म्हणून फरशीला पाय लावून झोपतात. बीपीची एक गोळी आहे, ती रात्री जेवल्यावर घेतात. ३८ ची पँट ढिली झाली, तर म्हणतात उन्हाळ्यानं उतरलो. पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. रात्री घाम येणं, घोरणं, तोंड कोरडं पडणं, पायात गोळे येणं, लघवीला उठणं ही सगळी शुगरची लक्षणं आहेत म्हणे. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मालक म्हणतात, मे महिन्यात तहान नाही लागणार तर कधी लागणार? सासूबाई सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. त्या म्हणतात, माझ्यातली एक गोळी दे त्याला, उतरंल. घाम म्हणाल तर मालकांना नाही, सासूबाईंनाच पहाटे येतो. उशी भिजते, कधी काहीबाही बरळतात अन् सकाळी त्यांना आठवत नाही. व्हिडिओतलं खरं आहे का? आणि मालकांना दवाखान्यात कसं न्यावं? माझं म्हणाल तर मी बरी आहे. संडास अंगणाच्या टोकाला आहे म्हणून दिवेलागणीनंतर मी पाणीच पीत नाही. धाकट्याच्या वेळेस पोटुशी असताना साखर वाढली होती, पण बाळंतपणानंतर गेली. जांघेत खाज असते, ती उन्हाळ्याची असेल.
— एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर :

ताई, पत्र तुम्ही मालकांसाठी लिहिलंय, पण मी सासूबाईंपासून सुरू करते, कारण खरी घाई तिथं आहे.

साखरेची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाची पहाटे घामानं उशी भिजली, ते बरळलं आणि सकाळी त्याला काही आठवलं नाही, तर पहिला संशय साखर खाली गेल्याचा घ्यायचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतात. माणूस जेवला की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. संध्याकाळी अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं, एकादशीला नुसत्या भगरीवर राहिलं आणि गोळी मात्र नेमानं घेतली, तर रात्रीतून साखर ७० च्या खाली घसरते. वयानं मूत्रपिंडं मंदावलेली असली तर औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. साखर घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. मेंदूला साखर पुरेनाशी झाली की बरळणं सुरू होतं. सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी उजेडात धरून नाव वाचा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर असं सहसा होत नाही. ‘ग्लि’नं सुरू होणारं काही असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर माझा संशय आणखी पक्का होईल.

आज रात्रीपासून त्यांच्या उशाशी साखरेचा डबा ठेवा. घाम आला आणि त्या जाग्या असतील, नीट गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. साखर नसेल तर तेवढाच गूळ चालतो. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, आणि बरं वाटल्यावर थोडं दूध-भाकरी खायला घाला, नाहीतर साखर परत खाली येते. शेजारीपाजारी ग्लुकोमीटर असेल तर घामाच्या वेळी बोटाची साखर बघून आकडा लिहून ठेवा. पण मशीन शोधण्यात साखर पाजायचा वेळ घालवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. साखर पाजून उठून बसल्या तरी प्रकरण तिथं मिटत नाही. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून पुढची गोळी देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन झालाच पाहिजे. डोस कमी करायचा, गोळी बदलायची की उपवासाच्या दिवशी वेगळं काही करायचं हे तेच ठरवतील. घरच्या घरी सगळ्याच गोळ्या बंद करून टाकायच्या, हाही प्रकार मी पुष्कळ पाहिलाय. त्यानं आठवड्याभरात दुसरं टोक गाठलं जातं.

घामाच्या वेळी मोजलेली साखर खाली गेलेली नसली आणि तरीही घाम येतच राहिला, तर मग कारण दुसरीकडं शोधायचं. जुनी साखर असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, दम लागणं, जीव घाबरा होणं एवढंच दिसतं. तसं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. संध्याकाळी कणकण, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि रात्री घाम असेल तर थुंकीची तपासणी करा. साखरेच्या माणसाला क्षयरोगाचा धोका दोन-तीन पटीनं जास्त असतो, आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आता कळलं असेल की सासूबाईंची गोळी मालकांना का द्यायची नाही. मालकांची साखर किती आहे हे अजून कोणालाच माहीत नाही, त्यांची मूत्रपिंडं कशी आहेत तेही माहीत नाही. माया म्हणून दिलेल्या गोळीनं पहाटे घामानं भिजून उठायची पाळी त्यांच्यावर येईल.

मालकांकडं वळू. “मे महिन्यात तहान नाही लागणार तर कधी लागणार” हा त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. परभणीचा मे मी भोगलेला आहे, रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. पण मग त्यांना एकच विचारा: लघवी कशी होते? उन्हानं अंगातलं पाणी घामावाटे गेलं की मूत्रपिंडं उरलेलं पाणी धरून ठेवतात. लघवी थोडी होते, गडद पिवळी होते, जळजळते. उन्हाळी लागते ती हीच. तहान उन्हाची असेल तर लघवी कमी व्हायला पाहिजे. तुमच्या मालकांचं उलट चाललंय. तांब्याभर पाणी पितात आणि तासा-दोन तासानं परत उठतात. लघवी भरपूर आणि जवळजवळ पाण्यासारखी होत असेल, आणि तरीही घशाला कोरड असेल, तर ती मे महिन्याची तहान नाही.

हे होतं कसं तेही सांगते, म्हणजे घरात समजावता येईल. मूत्रपिंडं रक्त गाळतात तेव्हा त्यातली साखर बाजूला काढून परत रक्तात पाठवतात. पण त्यांची एक मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की, तलाव भरल्यावर सांडव्यावरून पाणी वाहावं तशी जास्तीची साखर लघवीत उतरायला लागते. जाताना ती पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, अंग कोरडं पडतं, तहान लागते. लघवी आधी, तहान मागून. पाणी कमी प्यायलं म्हणून उठणं थांबत नाही, उलट अंग आणखी सुकतं. त्यांचा रात्रीचा तांब्या उचलून ठेवू नका.

या १८० च्या आकड्यात एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती तुमच्या पुतण्याच्या व्हिडिओत नसणार. उपाशीपोटी साखर १२६ झाली की मधुमेह धरतात. म्हणजे १३०-१४० वर असलेल्या माणसाला मधुमेह असतो, पण लघवीत साखर उतरत नाही, तो रात्रभर गाढ झोपतो, त्याच्या लघवीला मुंग्याही लागत नाहीत. “मुंग्या लागत नाहीत, म्हणजे आपल्याला काही नाही” असं म्हणणारे पेशंट मला आजही भेटतात. रात्री उठायला लागणं ही साखरेची पहिली घंटा आहे असं सांगितलं जातं, पण माझ्या पाहण्यात ती बरीच उशिराची घंटा असते. साखर त्याच्याआधी कितीतरी महिने, कधी कधी काही वर्षं, चुपचाप वाढत आलेली असते. तुमच्या मालकांना जर साखर निघाली, तर ती या उन्हाळ्यात सुरू झालेली नसेल. उन्हाळा फक्त निमित्त म्हणून सापडला.

तरीही रात्री उठणारा प्रत्येक माणूस साखरेचाच, असं नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर एखाद वेळेस उठावं लागलं तर त्यात फार नवल नाही. रोज दोन किंवा जास्त वेळा होत असेल तर कारण शोधावं. त्यासाठी किती वेळा उठले यापेक्षा दर वेळी किती झाली हे मला जास्त सांगून जातं. पाण्याची एक लिटरची जुनी बाटली घ्या, वरचा भाग कापा, पेनानं खुणा करा आणि मालकांना एक दिवस-रात्र मोजायला सांगा. लाजतील, पण करतील. दर वेळी तीनशे-चारशे मिली, आणि चोवीस तासांची मिळून तीन लिटरच्या वर जात असेल तर साखरेकडं बोट जातं. घाईनं उठून पन्नास-शंभरच मिली होत असेल, धार बारीक असेल, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटत असेल, तर प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची गाठ) वाढलेली किंवा लघवीचा जंतुसंसर्ग. संध्याकाळी पायावर सूज आणि आडवं पडल्यावर दम असेल तर हृदय तपासावं लागेल. दिवसभर पायात उतरलेलं पाणी माणूस आडवा झाला की परत रक्तात येतं आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडतं.

आणि ती बीपीची गोळी! पत्रातलं ते एक वाक्य मी दोनदा वाचलं. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. पट्टीवर घटकांची नावं असतात, कधी गोळीच्या नावापुढं ‘एच’ असतो. अशी गोळी रात्री जेवल्यावर घेतली की झोपेत लघवीला उठवणारच. ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं, बंद मात्र करायची नाही. नुसत्या गोळीनं पँट ढिली होत नाही, तळपायाची आगही होत नाही, म्हणून साखर तपासणं टळत नाही.

तळपायाच्या आगीबद्दल थोडं सविस्तर सांगते. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, दोन्ही पायांना सारखी होते. मोजा घातल्यासारखा तो भाग हळूहळू वर सरकतो. दिवसा माणूस कामात असतो, रात्री पाठ टेकली की आग, मुंग्या, टोचणं जाणवतं. पांघरुण पायाला लागलेलं सहन होत नाही, गार फरशी बरी वाटते. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी असेल तरी असंच होतं. आपल्याकडं शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी निघतं, आणि दारूनंही नसा अशाच बिघडतात. म्हणून साखरेबरोबर बी-१२ चीही तपासणी करून घ्यावी. आग होतेय याचा अर्थ नसा अजून बोलतायत. आग थांबून पाय बधिर पडला तर ते बरं होणं नसतं. मग चप्पल निसटलेली कळत नाही, काटा मोडलेला कळत नाही, गरम पाण्यात पाय बुडवला तर भाजल्याचं फोड आल्यावर कळतं. गरम पाण्याचा शेक, विटेचा शेक अजिबात देऊ नका. मालक रात्री अनवाणी अंगणात जात असतील तर तेही आजपासून बंद करा. चप्पल आणि बॅटरी दोन्ही हाताशी ठेवा. या दिवसांत विंचू-सापाचं वेगळं सांगायला नको. रोज झोपताना तळपाय एकदा तुम्ही बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.

व्हिडिओतली उरलेली लक्षणं पटकन उरकते. पायात गोळे उन्हाळ्यात कुणालाही येतात, त्यावरून साखर ओळखता येत नाही. तोंड कोरडं पडतं ते घोरणाऱ्याचंही पडतं, तंबाखूवाल्याचंही पडतं. घोरण्यानं साखर होत नाही, पण जोरात घोरता घोरता श्वास थांबतो, मग माणूस गुदमरून दचकून उठतो, अशी तऱ्हा असेल तर तो झोपेतला श्वासाचा आजार. त्यात वजन, बीपी, साखर हे सगळे सोबतीला असतात, आणि त्या आजारानंही रात्री लघवीला उठावं लागतं. ज्याला अजून साखरेचं औषधच सुरू नाही, त्याच्या रात्रीच्या घामाचं कारण साखर असण्याची शक्यता कमी. व्हिडिओवाल्यानं वाढलेल्या आणि उतरलेल्या साखरेची लक्षणं एकाच पोत्यात भरलीत, त्यानंच जास्त घोटाळा होतो.

लक्षणं बाजूला ठेवली तरी मालकांना तपासणी लागणारच होती. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं २००५ मध्ये भारतीय माणसांसाठी धोका मोजायची एक सोपी पद्धत मांडली. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशीच्या पुढं ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटीमीटर असेल तर १०, शंभर किंवा जास्त असेल तर २०. बायकांसाठी हीच मापं दहा-दहा सेंटीमीटरनं कमी धरायची. अंगमेहनत भरपूर असेल तर शून्य, बैठं आणि व्यायाम अजिबात नाही तर ३०, मधल्यांना १० किंवा २०. आई-वडिलांपैकी एकाला साखर असेल तर १०, दोघांना असेल तर २०. साठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. तुमच्या मालकांचं बघा: वयाचे २०. ३८ ची पँट ढिली झाली तरी पोट अजून ९० च्या वर असेल असं धरलं तर १०. दुकानात बसणं आणि घर-दुकान चालणं याचे २०. सासूबाईंमुळं १०. झाले साठ! शेती स्वतः करत होते तेव्हा मेहनतीच्या रकान्यात शून्य मिळत होतं. शेती बटईनं गेली आणि गादी आली, पण जेवण नांगरणीच्या दिवसांतलंच राहिलं, असं आपल्याकडं घरोघरी झालंय. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला साखर होत नाही हाही एक समज आहे. भाकरी चांगलीच, पण चार भाकरी आणि गिऱ्हाइकागणिक एक गोड चहा हा हिशेब भाकरीनं सुटत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, आणि आणखी १५.३ टक्के उंबरठ्यावर होते.

दवाखान्यात न्यायचं कसं? “शुगर तपासायला चला” असं म्हणू नका. साखर निघाली तर आयुष्यभराची गोळी मागं लागेल ही भीती पुरुषांना असते, मग ते दुकानाचं, पेरणीच्या बियाण्याचं, काहीही निमित्त काढतात. “बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, एवढं विचारून येऊ” असं म्हणा. ते खोटंही नाही. सकाळी उपाशीपोटी न्या, दुकान उघडायच्या आधी काम होतं. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही खायचं नाही, सकाळचा चहाही नाही, साधं पाणी चालतं. तपासणी चांगली यावी म्हणून आधीचे दोन-तीन दिवस भात-गोड बंद करणारे असतात. तसं करू नका, नेहमीसारखंच जेवू द्या.

तपासणी शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत करायची. मेडिकलमध्ये बोट टोचून बघितलेला आकडा अंदाजाला ठीक आहे, पण त्यावर निदान करत नाहीत. बोट टोचायचंच असेल तर आधी साबणानं हात धुऊन कोरडे करा. आंबा खाल्लेल्या बोटावर मशीन भलताच आकडा दाखवतं. उपाशीपोटी १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या खाली ठीक, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसरी तपासणी करतात. पण मालकांसारखी तहान, लघवी, वजन उतरणं हे सगळं असेल आणि कुठल्याही वेळेची साखर २०० किंवा जास्त आली, तर तेवढं पुरतं. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-साखर तपासणी मोफत असते. आशाताईंना विचारलंत तर वार सांगतील.

तोपर्यंत एक करा, रसवंती बंद. तहान लागली म्हणून उसाचा रस किंवा थंडा प्यायचा, त्यानं साखर वाढायची, लघवी वाढायची आणि तहान आणखी लागायची, या फेऱ्यात मे महिन्यात माणसं फार लवकर खाली बसतात. पाणी, बिनसाखरेचं ताक, एवढंच. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांवर तपासणी पुढं ढकलू नका. मालकांना उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास खोल आणि भरभर चालला किंवा ते सुस्त पडले, तर ती रात्र घरी काढायची नाही. लेकरांचंही इथंच सांगून टाकते, तुमच्या नसल्या तरी कोणाच्या तरी घरात उपयोगी पडेल. अंथरूण ओलं करायचं थांबलेलं पोर पुन्हा करायला लागलं, घटाघटा पाणी प्यायला लागलं आणि वाळायला लागलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. लहान मुलांत हे प्रकरण दिवसांत बिघडतं.

आता तुमचं. “मी बरी आहे” असं लिहून तुम्ही पुढं जे तीन वाक्यांत गुंडाळलंत, त्यावर मी तुम्हाला मालकांच्याच रांगेत उभं करणार आहे. गरोदरपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते, पण अशा बाईला पुढं मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि मग एक ते तीन वर्षांनी तपासणी आयुष्यभर करायची असते. हे तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नसेल, बहुतेकींना सांगत नाहीत. तुम्ही रात्री उठत नाही, पण दिवेलागणीनंतर पाणीच पीत नसाल तर ती खूण तुमच्यापुरती तुम्हीच पुसून टाकलीय. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. इथं पाणी जपून वापरायची सवय अंगात मुरलेली असते. पण बायका पाणी वाचवतात ते संडास लांब आहे म्हणून. त्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो, मुतखडा होतो. रात्रीसाठी घराजवळ सोय कशी करता येईल हे मालकांशी बोला, आता त्यांनाही गरज पडतेच आहे.

जांघेतली खाज बुरशीची असू शकते, आणि ती पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर बघावीच लागते. त्यासाठी मेडिकलमधून विचारून पांढरी ट्यूब आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना सांगा. अंगात रक्त कमी असेल तर तेही सांगा, कारण त्यात एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. मग उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची तपासणी जास्त भरवशाची.

मालकांना नेणार त्याच सकाळी तुम्हीही उपाशीपोटी जा, दोघांचं रक्त एकदमच घेतील. रिपोर्ट आले की तिघांचे आकडे मला कळवा. तारीख, उपाशी की जेवल्यावर, आणि सासूबाईंच्या पट्टीवरचं नाव, हे लिहायला विसरू नका.